गाडीत दोन बॅटऱ्या: सेल्फची बॅटरी राखून ठेवण्याची पद्धत

इंदूरहून गाडीने नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्या किंवा शनिवार-रविवारी मांडू-महेश्वरला मुक्कामी जाणाऱ्या मंडळींच्या गाड्यांत अलीकडे बारा व्होल्टचा छोटा फ्रिज, एलईडी दिवे, पंखा आणि मोबाइलचे चार-पाच चार्जर हमखास दिसतात. ही सगळी उपकरणे इंजिन बंद असताना मूळच्या बॅटरीवर चालवली, तर पहाटे सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक टक’ आवाज येतो आणि धक्का मारायला माणसे शोधावी लागतात. नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत तर धक्क्याचाही उपयोग होत नाही. यावर लोक दुसरी बॅटरी बसवतात. मात्र ती नुसती आणून पहिलीला समांतर जोडली, तर दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी उतरतात आणि खर्च तेवढा दुप्पट होतो. सगळे यश दोहोंच्या मधल्या जोडणीवर अवलंबून असते. इंजिन चालू असताना ती जुळली पाहिजे आणि इंजिन बंद होताच, कोणाला आठवण राहो न राहो, ती आपोआप तुटली पाहिजे.

आधी रात्रीचा हिशेब

दुसरी बॅटरी घेण्यापूर्वी एका मुक्कामाचा खर्च कागदावर मांडावा. चाळीस लिटरच्या आसपासचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॅट, म्हणजे पावणेचार अँपिअर घेतो. पण तो सतत चालत नाही. रात्री तो एकतृतीयांश वेळ चालला असे धरले, तर दहा तासांत साडेबारा अँपिअर-तास (एक अँपिअर करंट तासभर वाहिला की एक अँपिअर-तास) खर्च होतात. १० वॅटचा दिवा चार तास लावल्यास साडेतीन, एक अँपिअरचा पंखा आठ तास चालवल्यास आठ आणि चार मोबाइल भरण्यासाठी पाच, असे सगळे मिळून सुमारे ३० अँपिअर-तास होतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज वारंवार काढू नये, हा नियम लक्षात घेता अशा मुक्कामासाठी किमान ६० आणि थोडी सवड ठेवून ७५ ते ८० अँपिअर-तासांची बॅटरी लागते.

हा आकडा ऋतूप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलतो. इंदूर पठारावर असल्याने येथील रात्री उन्हाळ्यातही बऱ्यापैकी निवतात. परंतु घाट उतरून निमाडात, ओंकारेश्वर किंवा महेश्वरला गेल्यावर तेवढा दिलासा मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये तेथे गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली, तर फ्रिज निम्मा वेळ किंवा त्याहूनही अधिक चालतो आणि चोवीस तासांत एकटाच ४५ अँपिअर-तास किंवा जास्त वीज खातो. फ्रिजमध्ये घरातल्या वडीलधाऱ्यांचे न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असेल, तर हिशेब सर्वांत वाईट दिवसाचा धरावा. केवळ पाणी आणि ताक गार ठेवायचे असेल, तर एवढी चिंता करण्याचे कारण नाही.

इन्व्हर्टर लावण्याचा मोह अनेकांना होतो. ३०० वॅटचे उपकरण चालवताना बॅटरीतून २५ अँपिअर आणि इन्व्हर्टरमधला तोटा धरून जवळजवळ ३० अँपिअर ओढले जातात, आणि काहीही जोडलेले नसतानाही तो स्वतःपुरती थोडी वीज घेतच राहतो. त्यामुळे जी वस्तू थेट १२ व्होल्टवर किंवा यूएसबीवर चालते, ती तशीच चालवावी.

वर्षातून एखाद्या वेळीच मुक्कामी जाणाऱ्याने माझ्या मते या वाटेला जाऊच नये. हातात उचलून नेता येणारे पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी आणि सॉकेट एकत्र असलेला डबा, घरी भरून न्यावे आणि चालत्या गाडीत १२ व्होल्टच्या सॉकेटवर लावावे. तेवढ्याने त्याचे काम भागते आणि गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. फक्त ते सॉकेट किल्ली काढल्यावर बंद होते की चालूच राहते, हे आधी तपासावे. चालू राहत असेल, तर गाडी उभी करताच प्लग काढावा.

कोणती बॅटरी घ्यावी

सेल्फच्या बॅटरीत पातळ आणि संख्येने जास्त पट्ट्या असतात. काही सेकंदांसाठी प्रचंड करंट देणे, लहान पेट्रोल इंजिनाला शे-दीडशे आणि मोठ्या डिझेलला तीनशे अँपिअर किंवा त्याहून अधिक, हेच तिचे काम असते. हीच बॅटरी हळूहळू पण खोलवर रिकामी करण्याच्या कामाला लावली, तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर धरतो आणि काही वेळा पूर्ण उतरल्यानंतर ती कायमची कमकुवत होते. दुसरी बॅटरी म्हणून जाड पट्ट्यांची डीप सायकल, म्हणजे खोलवर रिकामी होणे सोसणारी, बॅटरी घ्यावी. बॅटरी गाडीच्या आत ठेवायची असल्यास ती एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली बंद शिसे-आम्लाची बॅटरी) किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची असावी, कारण पाण्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो आणि बंद जागेत तो साठणे धोक्याचे असते.

घरच्या इन्व्हर्टरची जुनी ट्यूब्युलर बॅटरी गाडीत टाकण्याचा सल्ला इंदुरात सर्रास ऐकू येतो. तिचे वजन पन्नास किलोंच्या वर असते, आम्ल सांडण्याची भीती असते आणि अचानक ब्रेक लावल्यावर ती जागची हलली तर मागच्या सीटवरील माणसांचे काय होईल, याचा विचार कोणी करत नाही. हा सल्ला मानू नये.

लिथियम बॅटरी महाग असली तरी १०० अँपिअर-तासांची बॅटरी दहा-बारा किलोंत येते आणि तिच्यातील ८० टक्के वीज निर्धास्त वापरता येते. मात्र ती बॉनेटखाली कधीही ठेवू नये. तेथील उष्णता तिला मानवत नाही. तिच्यासाठी मधली जोडणीही वेगळी निवडावी लागते.

मधली जोडणी

हाताने फिरवायचा स्विच हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि त्यात बिघडण्यासारखे काही नाही. परंतु दिवसभर गाडी चालवून थकलेला माणूस मुक्कामावर पोहोचताच तो स्विच बंद करायला विसरतो, आणि नेमकी तीच रात्र महागात पडते. डायोडची, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाची, जोडणी विसरत नाही. पण साध्या सिलिकॉन डायोडवर ०.७ व्होल्ट खर्च होतात, अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचे, १४.२ व्होल्ट दुसऱ्या बॅटरीपर्यंत १३.५ होऊन पोहोचतात आणि ती बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही.

बरेच ऑटो इलेक्ट्रिशियन किल्लीच्या वायरवर चालणारा रिले (विजेच्या इशाऱ्यावर आपोआप जुळणारा-सुटणारा स्विच) लावून देतात. या जोडणीत दोन उणिवा आहेत. किल्ली चालू ठेवून कोणी गाणी ऐकत बसले, तर इंजिन बंद असतानाही दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या राहतात. शिवाय सेल्फ मारण्याच्या क्षणीही रिले जुळलेलाच असल्याने दुसऱ्या बॅटरीतून मोठा करंट त्या बेताच्या केबलमधून सेल्फकडे धावतो आणि फ्यूज उडतो. रिलेच लावायचा असेल, तर त्याला अल्टरनेटरच्या ‘डी प्लस’ टोकावरून, म्हणजे इंजिन प्रत्यक्ष फिरू लागल्यावरच येणारा, इशारा द्यावा.

जुन्या डिझेल गाड्यांत, जेथे अल्टरनेटर सतत १४ व्होल्टच्या आसपास देतो, तेथे व्होल्टेज पाहून चालणारा रिले पुरेसा आणि खात्रीचा असतो. दुकानात तो व्हीएसआर या नावाने मागावा. सेल्फच्या बॅटरीचे व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले की तो दुसरी बॅटरी जोडतो, आणि १२.८ च्या खाली आले की तोडतो. यामुळे आधी सेल्फच्या बॅटरीची भरपाई होते आणि मगच दुसरीला वाटा मिळतो. इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे तो जुळलेला राहिला, तर घाबरू नये. बॅटरीच्या पृष्ठभागावरचा चार्ज ओसरला की तो सुटतो.

व्हीएसआर आणि लिथियम बॅटरी यांची मात्र गाठ घालू नये. लिथियम बॅटरीचे विश्रांतीतले व्होल्टेजच १३.२ ते १३.३ असते आणि ती बरीचशी रिकामी होईपर्यंत १२.८ च्या खाली येत नाही. इंजिन बंद झाले तरी रिलेला सेल्फच्या बाजूला १३ व्होल्ट दिसत राहतात, तो सुटत नाही, आणि ज्या कामासाठी तो आणला तेच काम होत नाही. याशिवाय रिकामी लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढत असल्याने, इंजिन मंद गतीवर असताना अल्टरनेटर तापून जळण्याचा धोका असतो.

बीएस-६, म्हणजे भारत स्टेज-६ या प्रदूषण-मानकाच्या, अनेक गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज गाडीचा संगणक ठरवतो आणि तेथेही व्हीएसआर गोंधळतो. आपल्या गाडीत असा अल्टरनेटर आहे का, हे पाहण्यासाठी सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर लावावा, शेजारी बसलेल्या माणसाला त्यावर लक्ष ठेवायला सांगावे आणि ओंकारेश्वरच्या रस्त्याने निघावे. भेरूघाट उतरताना, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असता आकडा १४.८ किंवा १५ पर्यंत उसळत असेल, आणि सपाटीवर किंवा चढावर तोच १२.६ पर्यंत घसरत असेल, तर अल्टरनेटर ‘स्मार्ट’ आहे असे समजावे. सगळ्या रस्त्यावर काटा १४ च्या आसपास स्थिर राहिला, तर अल्टरनेटर साधा आहे.

स्मार्ट अल्टरनेटर असो वा लिथियम बॅटरी, दोन्ही ठिकाणी डीसी-डीसी चार्जरच घ्यावा. आत येणारे व्होल्टेज कमी-जास्त झाले तरी तो दुसऱ्या बॅटरीला तिच्या जातीप्रमाणे योग्य व्होल्टेज देतो, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट ओढत नाही आणि इंजिन बंद होताच थांबतो. स्मार्ट अल्टरनेटर असल्यास त्याला इग्निशनची वेगळी वायर द्यावीच लागते, कारण केवळ व्होल्टेजवरून इंजिन चालू आहे की नाही, हे त्याला ओळखता येत नाही. २० अँपिअरचा चार्जर वर काढलेले ३० अँपिअर-तास लिथियम बॅटरीत दीड तासात परत भरतो. इंदूर ते ओंकारेश्वर हे सुमारे ८० किलोमीटरचे अंतर कापायला साधारण दोन तास लागतात, म्हणजे एका फेरीत रात्रीचा खर्च भरून निघतो. शिसे-आम्लाची बॅटरी शेवटचे २० टक्के फार सावकाश घेते. तिला पूर्ण भरण्यासाठी कित्येक तासांचा प्रवास किंवा घरी आल्यावर विजेवरचा चार्जर लागतो. राजवाड्यापासून पलासियापर्यंतच्या फेऱ्यांवर ती भरेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

केबल, फ्यूज आणि अर्थिंग

पैसे वाचवण्याच्या नादात सर्वांत जास्त काटकसर केबलमध्ये होते आणि सर्वांत जास्त नुकसानही तेथेच होते. बॉनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर अंतर धरले आणि ३० अँपिअर करंट वाहिला, तर ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये जवळजवळ ०.९ व्होल्ट वाया जातात. १६ च्या केबलमध्ये तोच तोटा ०.३३ व्होल्टवर येतो. व्हीएसआर लावताना हा फरक बॅटरी भरणे आणि न भरणे यांतला फरक ठरतो. म्हणून १६ किंवा शक्य असल्यास २५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, शुद्ध तांब्याची केबल घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त असते, परंतु ती तेवढ्याच जाडीत जास्त तापते. शंका आल्यास टोक चाकूने खरवडून पाहावे, आत पांढरट धातू दिसला तर ती परत करावी.

केबलच्या टोकाला लग, म्हणजे बोल्टखाली आवळायचे धातूचे टोक, बसवताना पक्कडीने चेपून भागत नाही. देवास नाक्यावर किंवा ट्रान्सपोर्ट नगरात मोठ्या गाड्यांची कामे करणाऱ्यांकडे हायड्रॉलिक क्रिंपर असतो. तेथे लग दाबून घ्यावा, दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहावा आणि त्यावर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवावी. हे काम आपल्या डोळ्यांसमोर करून घेतलेले बरे.

दोन बॅटऱ्यांमधल्या केबलला दोन्ही टोकांकडून वीज मिळत असते, त्यामुळे एक फ्यूज पुरत नाही. प्रत्येक बॅटरीच्या धन टोकापासून शक्यतो वीतभर अंतरात एकेक फ्यूज असावा. फ्यूजचे काम केबल वाचवण्याचे असते; म्हणून तो केबलच्या क्षमतेपेक्षा कमी आणि नेहमीच्या करंटपेक्षा जास्त असावा. १६ चौरस मिलिमीटरची केबल आणि ३० अँपिअरचा चार्जर असल्यास ६० अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. केबल पत्र्यातून जेथे आरपार जाते, तेथे रबरी ग्रोमेट (भोकाची धारदार कड झाकणारी कडी) असलाच पाहिजे, आणि सायलेन्सरजवळून ती कधीही नेऊ नये.

ऋण बाजूकडे बहुतेकांचे लक्ष नसते. ज्या गाड्यांत सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होण्याची सोय आहे, त्यांच्या बॅटरीच्या ऋण टोकावर एक लहान सेन्सर बसवलेला असतो आणि आत-बाहेर होणाऱ्या विजेची नोंद तो ठेवतो. दुसऱ्या बॅटरीची किंवा चार्जरची अर्थ वायर थेट त्या टोकावर लावली, तर तिच्यातला करंट सेन्सरला दिसत नाही आणि गाडीच्या संगणकाचा हिशेब चुकत जातो. ती वायर नेहमी चासीवर, रंग खरवडून उघड्या केलेल्या धातूवर घट्ट आवळावी आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. काम सुरू करताना सेल्फच्या बॅटरीचे ऋण टोक सर्वप्रथम काढावे आणि सर्वांत शेवटी लावावे. इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक कधीही काढू नये. अल्टरनेटरचे व्होल्टेज एकदम उसळून गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. गाडी वॉरंटीत असल्यास मूळ वायरिंग कापू न देता स्वतंत्र वायर ओढून घ्याव्यात.

बसवल्यानंतरची तपासणी

काम पूर्ण झाले की तेथेच पैसे देऊन निघू नये. इंजिन बंद करून रिले सुटू द्यावा, मल्टिमीटरने दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज लिहून ठेवावे, आणि फ्रिज व दिवे अर्धा तास चालवावेत. दुसऱ्या बॅटरीचा आकडा उतरला आणि सेल्फच्या बॅटरीचा जागच्या जागी राहिला, तर जोडणी खरोखर तुटली आहे. दोन्ही आकडे बरोबरीने उतरले, तर रिले चिकटलेला आहे किंवा एखादे उपकरण चुकीच्या बॅटरीवर लागले आहे. त्यानंतर इंजिन चालू करावे. काही मिनिटांत दुसऱ्या बॅटरीवर साडेतेरा किंवा अधिक व्होल्ट दिसले पाहिजेत.

शिसे-आम्लाची बॅटरी दोन-तीन तास विश्रांतीत असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ ला निम्मी आणि ११.९ च्या आसपास जवळजवळ रिकामी समजावी. लिथियमच्या बाबतीत व्होल्टेजवरून असा अंदाज बांधता येत नाही. तिच्यासाठी शंट (करंट मोजण्यासाठी वायरीत मध्ये जोडायचा भाग) लावून अँपिअर-तास मोजणारा मीटर घ्यावा. फ्रिजमध्ये बॅटरी-रक्षणाची लो, मीडियम आणि हाय अशी सेटिंग असल्यास शिसे-आम्लाच्या बॅटरीवर ती हाय ठेवावी, म्हणजे बॅटरी फार खोल जाण्याआधी फ्रिज स्वतः बंद होतो.

दुसरी बॅटरी लावूनही सेल्फची उतरत असेल, तर चोरटा खर्च शोधावा. गाडी बंद करून, दारे लावून, अर्धा तास थांबल्यावर ऋण टोकाशी मालिकेत जोडलेल्या मीटरवर ५० मिलीअँपिअरपेक्षा जास्त करंट दिसता कामा नये. तेवढ्यानेही दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ अँपिअर-तास जातात, म्हणजे लहान गाडीची बॅटरी महिनाभरात बसते. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये. मीटरचा फ्यूज जातो. उभ्या गाडीतही चित्रीकरण करणारा डॅशकॅम आणि जीपीएस ट्रॅकर हे नेहमीचे दोषी असतात, आणि दोन्हींची जागा दुसऱ्या बॅटरीवरच असते.

एवढे करूनही अडवणूक झालीच, तर एकाच गाडीतल्या दोन बॅटऱ्यांचे ऋण टोक चासीमार्फत आधीच जोडलेले असल्याने, फक्त धन टोकांमध्ये जाड जंपर केबल लावावी लागते. दुसरी बॅटरी शिसे-आम्लाची आणि भरलेली असेल, तर लगेच सेल्फ मारता येतो. लिथियम असेल, तर तसे करू नये. तिच्या आतली संरक्षक यंत्रणा शंभर अँपिअरच्या आसपास बंद होते आणि डिझेल इंजिनाला त्याच्या कित्येक पट करंट लागतो. अशा वेळी केबल जोडून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, सेल्फच्या बॅटरीत थोडा दम येऊ द्यावा, मग केबल काढून सेल्फ मारावा.

उष्णतेची आणि दीर्घ मुक्कामाची काळजी

शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य तापमानात दर १० अंशांच्या वाढीमागे साधारण निम्मे होते. इंदुरातल्या बॅटऱ्या म्हणूनच मे महिन्यात झिजतात आणि डिसेंबरच्या थंड पहाटे, इंजिन जड फिरत असताना, हात टेकतात. दोष मात्र थंडीला दिला जातो. उन्हाळ्यात चार्जरचा तापमान-सेन्सर बॅटरीवरच चिकटवलेला असावा, म्हणजे उष्णतेत तो व्होल्टेज थोडे कमी करतो. पाण्याची बॅटरी असल्यास एप्रिल ते जून दर पंधरवड्याला पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. छतावर १०० वॅटचे सौर पॅनेल लावल्यास निरभ्र दिवशी २५ ते ३० अँपिअर-तास मिळू शकतात, परंतु श्रावणात मांडूच्या धुक्यात त्यावर भिस्त ठेवू नये.

कुटुंब महिनाभर पुण्याला किंवा परदेशी जाणार असेल, तर शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी, लिथियम मात्र निम्म्याच्या थोडी वर ठेवून तिची सर्व उपकरणे काढावीत. सेल्फच्या बॅटरीचे ऋण टोक सोडवून बाजूला बांधावे. ज्या गाड्यांत त्यामुळे सेंट्रल लॉक किंवा स्टिरिओचा कोड अडतो, तेथे ते न काढता विजेवरचा मंद चार्जर लावून जावे.